कँडिडेटचा सदरा

हिवरडोहच्या देवकाबाई वरठिणीला, म्हणजे गावच्या धोबिणीला, एक अक्षर येत नव्हतं, पण गाव मात्र तिला घडाघडा वाचता येई. कोणाच्या घरी पाहुणे आले की चादरी धुवायला निघतात आणि कोणाच्या घरी पाहुणे गेल्यावरसुद्धा निघत नाहीत, कोणाच्या सुनेच्या पदराला आठवड्यातून चारदा काजळ लागतं, कोण एकादशी धरल्याचं सांगतो आणि कोणाच्या बाहीला त्याच दिवशीच्या रश्श्याचा डाग असतो, हे सगळं तिला गाठोडं सोडल्याबरोबर कळायचं. कळायचं आणि तिथंच नाल्यात वाहून जायचं. आपण तोंड उघडलं तर गावाला उघडं फिरावं लागेल, असं ती म्हणे, आणि गाव ते हसण्यावारी नेई, कारण हसण्यावारी नेण्यातच गावाचं भलं होतं.

आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर हे गाव. वर साठ घरं आणि नाल्याच्या खालच्या अंगाला पंचवीस घरांचा मोहल्ला. नवरा गेल्यावर देवकाबाईनं धंदा एकटीनं ओढला. सोबतीला एक गाढव होतं, त्याचं नाव तिनं तहसीलदार ठेवलं होतं, कारण त्याच्या पाठीवर काहीही ठेवलं तरी ते दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच राहायचं.

साठ घरांचे कपडे एका भट्टीत शिजायचे, पण कधी अदलाबदल झाली नाही. बिब्ब्यात सुई खुपसायची, तिला लागलेलं तेल कपड्याच्या मानेशी आतून टेकवायचं, वरून चुन्याचं बोट फिरवायचं, की खूण बसली. मग कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. मनोहरराव मास्तरांची फुली, सोनाराचा अर्धा चंद्र, आणि गावातलं मोठं घर म्हणजे नानाजी, त्यांची एका ओळीत तीन टिपकी. अशा साठ खुणा देवकाबाईच्या डोक्यात होत्या. एकसष्टावी नव्हती, कारण मोहल्ल्याचे कपडे वरठीण धूत नसे. नाल्याचं पाणीसुद्धा तसंच वाटलेलं होतं. सगळ्यात वर प्यायचं, मध्ये देवकाबाईचे धोंडे आणि त्याच्याही खाली मोहल्ल्यातल्या बायकांनी धुवायचं. वरच्या साठ घरांचा मळ, सोडा आणि नीळ आधी वाहून यायची, मग त्या पाण्यात त्यांचं धुणं. हे कोणी ठरवलं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ते कोणी मोडत नव्हतं.

तरी मोहल्ल्यातल्या एका घरातले कपडे देवकाबाईला खुणेसकट ओळखू येत. बापूराव गावचा कोतवाल होता. दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागे असा धिप्पाड माणूस, अंगानं थेट नानाजींसारखा. म्हणून नानाजींचे विटलेले, विरलेले सदरे त्याच्या वाट्याला यायचे. नानाजींच्या घरी ते पाच वर्षं जगत आणि बापूरावाच्या अंगावर त्यापुढे दहा. जन्मभर बापूराव नानाजींचे निरोप पोचवत फिरला आणि जन्मभर त्याच्या मानेखाली नानाजींची तीन टिपकी होती. ती देवकाबाईनंच घातलेली.

छप्पन साली मोहल्ला नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. आल्यावर तीन गोष्टी बंद झाल्या. मेलेली ढोरं ओढणं, शिळं मागणं आणि उतरलेले कपडे घेणं. त्या जाण्यासाठी बापूरावानं आर्वीच्या शिंप्याकडून खादीचा पांढरा सदरा शिवून घेतला होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या अंगावरचं ते पहिलं नवं कापड. नागपूरच्या गर्दीत त्याचं तिसरं बटण तुटलं, ते त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, तिथल्या तिथं जवळ होता त्या काळ्या दोऱ्यानं लावलं. पुढच्या पावसाळ्यात बापूराव तापानं गेला. सदरा पत्र्याच्या पेटीत गेला.

आता अठ्ठावन्न साल उजाडलं आणि गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आली.

निवडणूक आली की देवकाबाईचे हात भरून येत. बावन्न सालापासून तिनं हे पाहिलं होतं. एरवी मिलचं धोतर नेसणाऱ्या माणसांना मतं मागायची वेळ आली की एकाएकी खादीचा उमाळा येई, आणि मतं पडून गेली की तो ओसरे. खादी धुणं म्हणजे सोपं काम नाही. ती पाणी फार पिते आणि मळ फार धरते. मिलचं कापड दहा आपटांत निवळतं, खादीला चाळीस लागतात. देशसेवेचं वजन किती असतं हे हिवरडोहमध्ये देवकाबाईच्या खांद्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

एके सकाळी ती नानाजींकडे धुतलेले कपडे द्यायला गेली, तेव्हा ओसरीवर मनोहरराव मास्तर मांडीवर त्यांचा जाडजूड इंग्रजी कोश घेऊन बसले होते. मास्तरांना एकच व्यसन होतं. शब्दाच्या कुळाची चौकशी. पोरगी द्यायची असल्यासारखे ते प्रत्येक शब्दाचं मूळ गाव, आईबाप, भाऊबंद शोधत बसायचे. नानाजी पंचायतीला उभे राहणार म्हटल्यावर मास्तरांनी त्यांच्यासाठी एक शब्द आणला होता, कँडिडेट.

हा शब्द सारे वापरतात, पण तो आला कुठून ते विचारा, असं म्हणून मास्तरांनीच सांगायला सुरुवात केली. दोन हजार वर्षांमागे रोम नावाचं राज्य होतं. तिथं ज्याला पदासाठी उभं राहायचं असे तो आपलं पांघरायचं वस्त्र शुभ्र करून घेई आणि तसा चौकात लोकांचे हात हातात घेत हिंडे. त्यांच्या लॅटिन भाषेत कँडिडस म्हणजे लखलखीत पांढरा, आणि कँडिडाटुस म्हणजे पांढरा केलेला. तोच शब्द पुढे इंग्रजांनी उचलला, आणि इंग्रज गेले तरी तो आपल्याकडेच राहिला.

नानाजींचा चेहरा उजळला. आपल्या अंगावरच्या कापडाला दोन हजार वर्षांची परंपरा आहे हे त्यांना नुसतं पटलंच नाही, तर पहिल्यापासून वाटतच होतं.

देवकाबाई पायरीपाशी गाठोडं सोडत होती. तिनं मान वर केली.

"मास्तर, पांढरा केलेला म्हनता. मंग करे कोन?"

मास्तरांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी खुशीत येऊन सगळंच सांगून टाकलं. वस्त्राला वरून खडू चोळत. त्याआधी धुणारे लोक ते मोठ्या कुंडांत घालून पायांनी तुडवत, आणि त्या कुंडांत साठवलेली लघवी असे. नानाजींनी नाकाला उपरणं लावलं. देवकाबाईला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. उतरत असेल मळ, ती म्हणाली, खारट पाणी आहे. मग तिनं विचारलं की नेसणाऱ्याच्या नावाचा एवढा शब्द निघाला, तर त्या धुणाऱ्यांच्या नावाचं त्यात काय आलं? मास्तरांनी कोशाची पानं पुढेमागे उलटली आणि जरा ओशाळून सांगितलं की काही आलेलं दिसत नाही.

"वाटलंच मले," देवकाबाई म्हणाली आणि कपडे मोजून द्यायला लागली.

मास्तर रंगात आले होते. एकदा तर त्या लोकांनी, म्हणे, कायदाच केला की मतं मागायला निघताना कपडा जास्तीचा पांढरा करायचा नाही, लोकांच्या डोळ्यांत धूळ जाते. आणि या शब्दाला एक सख्खी बहीण आहे, कँडिड. म्हणजे मनात काही न ठेवता खरं बोलणारा. दोघी एकाच पोटच्या, पण निवडणुकीत एकत्र फारशा दिसत नाहीत. एवढं बोलून मास्तर स्वतःच हसले. नानाजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की गोष्ट फार चांगली आहे, सभेत सांगा, मात्र खडू, लघवी, कायदा आणि ती बहीण एवढं गाळा. एवढं गाळल्यावर जे उरलं ते भाषणाला अगदी योग्य होतं.

ही गोष्ट नानाजींना एकदम कामाची वाटायला आणखी एक कारण होतं. त्यांच्या वॉर्डात जागा दोन होत्या, आणि बापूरावाच्या पोरानं, प्रेमदासनं, तिथं अर्ज टाकला होता. प्रेमदास सातवी पास, पुलगावच्या मिलीत कामाला. आधी तो राखीव जागेचा अर्ज भरायला गेला होता. तिथं जात लिहायची होती, त्यानं बौद्ध लिहिलं, तेव्हा कारकुनानं सांगितलं की मग ही जागा तुमची नाही. प्रेमदासनं विचार केला, ही आपली नाही तर ती तरी असेल, आणि तो नानाजींच्याच शेजारी उभा राहिला. कोतवालाचा पोरगा आपल्या बरोबरीनं यादीत छापला जाणार याचा नानाजींना राग आला नाही असं ते सगळ्यांना स्वतःहून सांगत होते.

त्यांनी एवढंच केलं. रविवारी शाळेच्या पटांगणात साऱ्या उमेदवारांना लोकांपुढे उभं करायचं ठरलं होतं, त्याची दवंडी देताना आणखी एक ओळ घालायला लावली. उमेदवारानं पांढऱ्या कपड्यांत यावं, शब्दाचा अर्थच तसा आहे. आणि स्वतःसाठी नि आपल्या तिघा साथीदारांसाठी वर्ध्याहून आठ नवे खादीचे सदरे आणवून ते देवकाबाईकडे धाडले. निरोप असा, की दुधासारखे पांढरे कर, आणि खुणा रविवारनंतर घाल, काळं टिपकं मानेतून दिसलं तर बरं नाही.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई धोंड्यावर असताना तानाबाई खालच्या पाण्यावरून वर आली आणि चार हात लांब थांबली. या दोघी तीस वर्षं एकाच नाल्यावर धुणं धूत होत्या आणि मधलं अंतर कायम ठेवून एकमेकींशी बोलत होत्या. बाळंतपणं, सुना, गुडघे, सगळं या चार हातांवरून इकडून तिकडे गेलेलं होतं. आज तानाबाईच्या हातात बापूरावाचा सदरा होता. धुवून दे असं ती म्हणाली नाही. खादी पांढरी करायची रीत तेवढी सांग, म्हणाली. रविवारी पोराला घालायचा आहे, त्याच्याकडे दुसरा पांढरा नाही.

रीत सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. देवकाबाईनं सांगायला सुरुवात केली. सोड्यात रातभर भिजव, मग वाफ दे, नीळ चिमटीभरच, जास्त पडली तर ढग उठतील. सांगता सांगता तिची नजर सदऱ्यावर गेली आणि तिचं डोकं फिरलं. पत्र्याच्या पेटीत राहून सदरा पिवळा पडला होता आणि खांद्यावर गंजाचे दोन डाग बसले होते.

"असा ठेवतेत का वं कपडा? गंज हाये हा. आपटून नाई जात, फाटून जाईन. लिंबू आन् मीठ लावून उन्हात धरा लागते, सारखी नजर ठेवून. तुले जमनार नाई. आन इकडं."

तिनं हात पुढे केला होता. केल्यावर तिच्या लक्षात आलं. तानाबाईच्याही आलं. दोघींनी वरच्या वाटेकडे पाहिलं, वाटेवर कोणी नव्हतं. तानाबाईनं सदरा खाली धोंड्यावर ठेवला, देवकाबाईनं तो उचलून ओल्या कपड्यांच्या खाली सारला. शनिवारी दिवस मावळायच्या आत घेऊन जा, आणि कोणाजवळ बोलू नको, एवढं ती म्हणाली. यात काय होतं हे दोघींना नीट ठाऊक होतं. वरठिणीनं मोहल्ल्याचा कपडा भट्टीत घातल्याचं कळलं असतं तर साठ घरांनी आपली गाठोडी एका दिवसात परत मागितली असती. तिचं वर्षाचं धान्य या साठ घरांवर होतं.

तरी घेतला कशाला? तिला स्वतःलाच ते नीट सांगता आलं नसतं. खराब झालेला चांगला कपडा तिला बघवत नसे, हे एक कारण. दुसरं कारण असं, की जन्मभर बापूरावाच्या अंगावर तिनं दुसऱ्याच्याच खुणा पाहिल्या होत्या. हा सदरा तिनं उलटा करून मान पाहिली. कोरी होती.

त्या सदऱ्यावर देवकाबाईनं दोन दिवस घालवले. गंज उतरवला, पिवळं काढलं, आणि खळ केली ती घरातल्या खायच्या तांदळाची. शनिवारी दुपारी नानाजींचे आठ आणि हा एक असे नऊ सदरे घडी होऊन खाटेवर पडले होते. हा नानाजींच्याच मापाचा, कापड सारखं, खूण एकावरही नाही. बाहेर तहसीलदार दाव्यातून सुटला म्हणून ती त्याला आणायला गेली. तेवढ्यात नानाजींचा गडी बबन आला, खाटेवरची खादी दिसली, ती उचलून गेला. हिवरडोहमध्ये खादी म्हणजे नानाजींची, मोजायची काय गरज?

देवकाबाई परत आली तर खाट रिकामी.  नानाजींचं घर दोनशे पावलांवर होतं. जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं, की त्यातला एक परत द्या. पण कोणाचा, असं विचारलं तर? ती दारापर्यंत गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. दिवस मावळायच्या सुमाराला तानाबाई कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. देवकाबाईनं तिला खरं सांगितलं. उद्या सकाळी काहीतरी करते, असंही म्हणाली. सकाळी तिनं काही केलं नाही.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. मोहल्ला डाव्या अंगाला, थोडा वेगळा. मास्तरांनी रोमची गोष्ट गाळीव स्वरूपात सांगितली आणि नानाजी टेबलापुढे आले. सदरा असा झळकत होता की पुढच्या ओळीतल्या लोकांनी डोळे बारीक केले. बबनचं म्हणणं, नानाजींनी घडीतले सगळे सदरे उजेडात धरून पाहिले आणि सगळ्यात पांढरा तो स्वतःला ठेवला.

देवकाबाई बायकांत मागे बसली होती. तिनं ते पांढरेपण तिथूनच ओळखलं. तरी मन मानेना, म्हणून उठून चार पावलं पुढे गेली. तिसरं बटण काळ्या दोऱ्याचं होतं. तिनं डावीकडे पाहिलं. तानाबाईही त्या बटणाकडेच पाहत होती. मग तिनं देवकाबाईकडे पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं.

प्रेमदास मिलीतल्या राखाडी सदऱ्यात उभा होता. नानाजी हसून म्हणाले, पोरगा शिकला खरा, पण शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. लोक हसले. प्रेमदास म्हणाला की पांढरा सदरा आहे, धुवायला दिला होता, आला नाही. यावर तर लोक मोकळेपणी हसले, कारण मोहल्ल्याचं कोणी धुवायला देतं कुठे?

"कोनाकडे देल्ला होता बा?" नानाजींनी विचारलं.

प्रेमदासला सगळं माहीत होतं. आईनं सांगितलेलं होतं आणि समोर बापाचा सदरा दिसत होता. त्यानं मागे बायकांकडे एकदा पाहिलं आणि तो गप्प राहिला. एवढ्या हशात तो गप्प राहिला. देवकाबाईला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. साठ घरांची लाज झाकणारी ती, आणि तिची लाज पंचवीस घरांतल्या एका पोरानं झाकली.

सोमवारी नानाजींनी तिला बोलावून घेतलं. ओसरीवर मास्तर होतेच. नानाजींनी तोच सदरा तिच्यापुढे ठेवला आणि तोंड भरून तारीफ केली. बाकीचे सात ठीक आहेत, पण हा काही वेगळाच उतरला आहे, मतं पडेपर्यंत हाच घालीन. यावर आता आपली तीन टिपकी घाल, नाहीतर कुठे चुकायचा.

देवकाबाईनं कनवटीचा बिब्बा काढला. सुई खुपसली. सदरा उलटा करून मान समोर घेतली. सुईच्या टोकाला तेल आलं. आता टेकवलं की झालं. सदरा नानाजींचा, धान्य तिचं, प्रेमदासनं तोंड उघडलेलं नाही, तानाबाई उघडणार नाही. बापूराव असता तर त्यानंही नसतं उघडलं. जन्मभर त्यानं हीच तीन टिपकी वागवली होती, आणि एकच कपडा त्यातून सुटला होता. तिचा हात पुढे जाईना.

"नानाजी, हा सदरा तुमचा नाई," ती म्हणाली. "बापूरावाचा हाये. नागपूरले गेलता तवाचा. मी धुतला. बबन चुकून घेऊन आला. बटन पाहा, काया दोऱ्याचं हाये."

नानाजींनी बटण पाहिलं. मग बाकीचे सात सदरे मागवून मोजले आणि घरात खुंटीवर राहिलेला आठवा आणवला. नऊ झाले. मास्तर कोश मिटून छपराकडे बघायला लागले. आता भडका उडणार म्हणून देवकाबाईनं बिब्बा कनवटीला लावला, जायचंच होतं तर सामान हातात असलेलं बरं. पण नानाजींनी नऊही सदरे पुन्हा एकदा मोजले. त्यांचं डोकं एक एक पायरी चढत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. वरठिणीला गावातून काढायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर मोहल्ल्याचा कपडा तिनं धुतला हे सांगावं लागणार. कोणता कपडा, असं कोणीतरी विचारणार. आणि मग ज्याला जन्मभर आपले उतरलेले कपडे दिले, त्या कोतवालाचा उतरलेला सदरा आपण साऱ्या गावापुढे घालून मिरवला, हे निघणार. हसायला साठही घरं येतील आणि पंचवीसही.

"कोनाकोनाले मालूम हाये हे?" त्यांनी अखेर विचारलं.

"मले, प्रेमदासले, आन् तानाबाईले."

नानाजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले की ते शब्दांबद्दल सांगतात, सदऱ्यांबद्दल नाही. मग नानाजींनी तो सदरा दोन बोटांनी धरून देवकाबाईकडे सरकवला आणि जा म्हणाले. आवाज चढला नाही. देवकाबाई घरी आली आणि गाठोडी परत न्यायला कोण कोण येतं याची वाट पाहत बसली. कोणीच आलं नाही.

जे व्हायचं ते बुधवारी झालं. सभेत नानाजींनी जाहीर केलं की शिवाशीव पाळणं हा पंचावन्न सालच्या कायद्यानं गुन्हा आहे, आपल्या गावानं मागं राहू नये, आणि म्हणून आपण स्वतः पुढाकार घेऊन वरठिणीला सांगितलं आहे की यापुढे वरचे आणि खालचे, सर्वांचे कपडे एका भट्टीत धुवायचे. टाळ्या झाल्या. रोममध्येही असंच होतं, नाही का मास्तर, असं त्यांनी वळून विचारलं. मास्तर म्हणाले, पुस्तकात तसं काही नाही. नानाजी म्हणाले, पुस्तकात सगळंच थोडं असतं. पुढच्या सभेपासून ही ओळही गोष्टीत आली. वरच्या साठ घरांपैकी चार घरांनी कपडे घरी धुवायला घेतले आणि खादीच्या चाळीस आपटांत चारही घरांतल्या बायकांनी आठवड्याच्या आत ते परत धाडले.

नानाजी निवडून आले. दुसऱ्या जागेवर प्रेमदास आला, राखाडी सदऱ्यातच. गावातली ही सुधारणा नानाजींनी केली असं पंचायतीच्या पहिल्या ठरावात लिहिलेलं आहे. धुणारीचं नाव त्यात नाही, पण देवकाबाईला ते आधीच वाटलं होतं.

बुधवारच्या त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी देवकाबाई सदरा घेऊन नाल्यावर गेली होती. तानाबाई खालच्या पाण्यात होती. देवकाबाई पहिल्यांदाच खाली उतरून तिच्या धोंड्यापाशी आली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरली.

"चुकलं माह्यं, तानाबाई. शनवारीच जाऊन मांगाले पायजे होतं. मी भेली."

 तानाबाईनं सदरा हातात घेतला, बटण पाहिलं, गंजाचे डाग होते ती जागा शोधली, सापडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं सदरा देवकाबाईच्या हातात परत दिला.

"एकडाव अजून धू त्याले," ती म्हणाली. "नानाजीनं घातलता."

देवकाबाईला आधी हसू आलं, आणि मग आलं नाही. तिनं मान हलवली. तिथंच, त्या खालच्या पाण्यात, तिनं सदरा पुन्हा धुवायला घेतला, आणि तोंड कामात असावं म्हणून विचारलं, आता तुमच्या घराला खूण द्यावी लागेल, कोणती देऊ? साठ आहेत, एकसष्टावी पाहिजे.

"बाकी कपड्याईवर काईबी घाल," तानाबाई म्हणाली. "नानाजीची तीन टिपकी सोडून. पन या सदऱ्यावर नोको घालू. याच्यावर आजपावतो कोनाचीच नाई."

देवकाबाईनं घातली नाही. पुढे कितीतरी वर्षं तिच्या भट्टीत बिनखुणेचा एकच कपडा येत राहिला, आणि तो कधी चुकला नाही.